गिट्टीखदानच्या मागे

सकाळी सव्वासहाला सरडे उन्हाला येतात,
आम्ही त्यांच्या आधी.
मंगरूभाऊ उईके खाणीच्या काठावर उकिडवे,
मी वही, चिमटा, औषधाच्या रिकाम्या डब्या घेऊन.
बोलायचं नाही. खोकायचंही नाही.

सरडा शिकारीला जात नाही, तो बसतो.
दगडावर दगड होऊन बसतो,
मान तेवढी जरा वाकडी.
मुंगी आपल्याच पायांनी टप्प्यात येते
आणि मग
मला दिसतं ते फक्त तिचं नसणं.
जीभ मी अजून एकदाही पाहिलेली नाही.

खाऊन झालं की तो दगडावर तोंड पुसतो,
आधी डावा गाल, मग उजवा,
पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखा.
मंगरूभाऊ हसू दाबतात.

साडेनऊला दगड तापतो.
बोटं उचलत उचलत तो बोरीखाली सरकतो.
मागे उरतं ते आमचं:
तांदळाएवढी काळी लेंडी,
टोकाला खडूचा पांढरा ठिपका.

प्रयोगशाळेतला कूलर वारा देत नाही, वाळ्याचा वास देतो.
स्पिरिटात लेंडी सैल होते
आणि भिंगाखाली गाठोड्यासारखी सुटते:
मुंग्यांची डोकी एकेचाळीस,
वाळवीचे जबडे,
हिरव्या भुंग्याचं अर्धं कवच, अजून चकाकणारं,
टोळाची एक मांडी,
वाळू,
सिमेंटच्या पोत्याचा पिवळा धागा
(याला मी ‘इतर’ म्हणते).
डोकी मोजायची, पाय नाहीत.
सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सापसुरळीची तऱ्हा वेगळी.
ती हुंगत फिरते, पळसाच्या पाचोळ्यात नाक खुपसते,
अळी सापडली की आपटून आपटून मऊ करते.
आणि माझ्या हॉस्टेलवरची पाल
ट्यूबलाइटच्या पट्टीवर रात्रपाळी करते,
पतंग नसले तर आपलीच कात चावत बसते.

एकदा मांजराने झडप घातली,
सापसुरळीने शेपूट टाकलं आणि गेली.
शेपूट बराच वेळ एकटंच वळवळलं.
तासाभराने ती परत आली, आखूड, भुंडी,
मुंग्या पोचायच्या आधी,
आणि ते खाऊन टाकलं.
मी लिहिलं: स्वतःचं शेपूट, एक.

मंगरूभाऊंनी डबा उघडला.
ज्वारीची भाकर, जवसाची चटणी.
अर्धी भाकर माझ्यापुढे सारली.
म्हणाले, “याच खदानीत अकरा वर्सं गिट्टी फोडली म्या.
मॅडम, याईनं खाल्लं ते समदं लिवता तुमी.
ज्या दिशी काईच नाई भेटलं,
ते कुठी लिवता?”

नाही लिहीत.
त्या दिवशी लेंडी नसते.
लेंडी नाही तर नमुना नाही,
नमुना नाही तर तक्त्यात
सरडाच नाही.

मग मे महिना खरा पेटला.
पारा सेहेचाळीसच्या वर, मुंग्या खोल गेल्या,
वाळवीच्या मातीला खापराचा आवाज यायला लागला.
बोरीखाली तोच सरडा, पोटाला दुमड पडलेली,
पापणी मिटायची, उघडायची.
आम्ही डबी रिकामी न्यायचो, रिकामी आणायचो.
मी रोज तारीख टाकून समासात
पेन्सिलीची एक आडवी रेघ ओढली.

सर म्हणाले, हे दिवस वगळा, सरासरी बिघडते.
वगळले.

काल शेवटची वही मिटताना
मंगरूभाऊंनी समासावर बोट ठेवलं,
नख झिजलेलं बोट, एकेक रेघ मोजत खाली आणलं.
“अकरा नाई,” म्हणाले, “बारा दिस होते.
एका सोमवारी तुमी आल्याच नवत्या.”